केसांची खोल सफाई किती वेळा, किती रुपयांत?

महिन्यातून एकदा. डोक्याला नियमित तेल लावणाऱ्या आणि आठवड्यातून दोनदा साध्या शॅम्पूने केस धुणाऱ्या बाईला खोल सफाईचा, म्हणजे क्लॅरिफायिंग, शॅम्पू यापेक्षा जास्त वेळा लागत नाही. पुष्कळ जणींना दीड-दोन महिन्यांतून एकदा पुरतो, आणि काही घरांत त्याची गरजच नसते. बाटलीवर मात्र ‘आठवड्यातून एकदा’, कुठे तर ‘दोनदा’ असं छापलेलं असतं. बाटली जितक्या लवकर संपेल तितक्या लवकर दुसरी विकली जाते, हे लक्षात ठेवूनच तो मजकूर वाचावा.

हा विषय बुलढाणा जिल्ह्यापुरता वेगळा मांडावा लागतो, कारण इथे केसांवर जे साचतं ते निम्मं बाटलीतून येतं आणि निम्मं नळातून. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत सांगितलेला हिशेब धरणाच्या गोड्या पाण्याचा असतो. तो मोताळ्याच्या बोअरला लागू होत नाही, आणि संग्रामपूरच्या विहिरीला तर मुळीच नाही. त्यामुळे आधी पाणी बघायचं, मग केस, आणि मग बाटलीची किंमत.

पण ही बाटली करते काय? साधा शॅम्पू केस धुतो आणि जाता जाता त्यावर थोडं काही ठेवूनही जातो. केस मऊ लागावेत म्हणून त्यात डायमेथिकोनसारखं सिलिकोन किंवा पॉलीक्वाटर्नियमसारखे केसाला चिकटून राहणारे घटक घातलेले असतात. त्यावर कंडिशनर, सिरम, जेल आणि तेल यांचे थर चढत जातात. क्लॅरिफायिंग शॅम्पूत मळ काढणारे घटक तेज असतात आणि मागे राहणारं जवळपास काही नसतं. सोडियम लॉरिल सल्फेट किंवा ओलेफिन सल्फोनेट हे नाव यादीत वरच दिसतं. तो साचलेलं तेल, सिलिकोन आणि जेल खरवडून नेतो. त्याच झटक्यात केसाला हवं असलेलं तेलही जातं, म्हणून तो रोजच्या वापराचा नाही.

इथेच आपल्याकडचे बहुतेक पैसे वाया जातात. बोअरच्या पाण्याने केस राठ झाले म्हणून माणूस क्लॅरिफायिंग शॅम्पू आणतो. पाण्यातला चुना मात्र त्याने फारसा निघत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसाला धरून बसतात. त्यांना पकडून सोडवणारा वेगळा घटक लागतो. डायसोडियम ईडीटीए, टेट्रासोडियम ईडीटीए, सायट्रिक अ‍ॅसिड, ग्लुकोनेट, फायटेट यांपैकी काहीतरी यादीत बऱ्यापैकी वर असायला हवं. अशा शॅम्पूला कीलेटिंग शॅम्पू म्हणतात. दुकानात तो ‘हार्ड वॉटर शॅम्पू’ म्हणून मागितला तर पटकन मिळतो. ईडीटीए बऱ्याच साध्या शॅम्पूंतही शेवटाकडे सापडतं, पण तिथे ते शॅम्पू टिकावा म्हणून चिमूटभर घातलेलं असतं. त्याचा केसातल्या क्षारावर भरवसा ठेवू नये.

आधी बादली बघा

जिल्ह्यात दोन तऱ्हेचं जड पाणी आहे आणि दोन्हींचा उपाय वेगळा आहे. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या भागात, काळ्या बेसाल्टमधून झिरपलेलं भूजल आहे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असतात. हे पाणी तापवलं की भांड्यावर पांढरी पपडी धरते. घाटाखाली, पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात, शेगाव, नांदुरा, संग्रामपूर आणि जळगाव जामोदचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या विहिरींच्या पाण्यात मीठ, म्हणजे सोडियमचे क्षार, जास्त आहेत. जिभेला ते लगेच कळतं. संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या अनेक गावांना वान धरणाचं पाणी योजनेतून मिळतं आणि बुलढाणा शहर येळगाव धरणावर अवलंबून आहे. नळाला धरणाचं पाणी येतं त्या दिवशी केस वेगळे लागतात आणि बोअर सुरू केला की वेगळे. उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, त्या घरांना हा फरक सांगावा लागत नाही.

आपल्या घरी कुठलं पाणी आहे हे कळायला प्रयोगशाळाच हवी असं नाही. पाणी तापवायच्या हीटरचा रॉड थंड झाल्यावर हातात घ्या. त्यावर खरखरीत, पांढरट-पिवळी पपडी असेल तर नखाने एक कण खरवडा आणि त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे येऊन कण विरघळू लागला तर तो कार्बोनेटचा चुना आहे. तोच तुमच्या केसांवर बसतो आहे, आणि तुम्हाला कीलेटिंग शॅम्पूचा किंवा लिंबाच्या पाण्याचा उपयोग होईल. रॉड बऱ्यापैकी स्वच्छ आहे, पाणी चवीला खारट आहे आणि बादली सुकल्यावर तळाशी पांढरी भुकटी राहते, जी साध्या गोड्या पाण्याने निघून जाते, तर त्रास मिठाचा आहे. मीठ गोड्या पाण्यात आपोआप विरघळतं. तिथे महागडी बाटली आणण्याआधी शेवटचे दोन मग गोड्या पाण्याचे घ्यावेत. खारपाणपट्ट्यातल्या बऱ्याच विहिरींत दोन्ही दोष एकत्र असतात. तिथे दोन्ही उपाय करावे लागतात.

फेसाची परीक्षाही करून बघा. पारदर्शक बाटली अर्धी भरा, त्यात अंगाच्या साध्या साबणाचा छोटा तुकडा विरघळवा, झाकण लावून जोरात हलवा. फेस वर टिकला आणि खालचं पाणी नितळ राहिलं तर पाणी मऊ. फेस बसला, पाणी दुधाळ झालं आणि वर सायीसारखा थर तरंगला तर पाणी जड. ती साय म्हणजे साबण आणि कॅल्शियम यांचा न विरघळणारा साका. डोक्याला अंगाचा साबण लावणाऱ्या माणसाच्या केसांत हेच अडकतं. पुष्कळ पुरुष आजही साबणानेच डोकं धुतात. त्यांनी साबण सोडून एक रुपयाची शॅम्पूची पुडी वापरली तरी अर्धं काम होतं. शॅम्पूतल्या घटकांची जड पाण्यात अशी साय होत नाही.

आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना तपासून मिळतो. शुल्क फार नसतं. गावात ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचं तपासणी किट असतं, तेही विचारावं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हा आकडा पिण्यासाठी आहे, केसांसाठी नाही. पण २०० च्या आत असाल तर कीलेटिंग शॅम्पूवर पैसे घालू नका, इतकं त्यावरून ठरवता येतं. ऑनलाइन मिळणारं टीडीएस मीटर कठीणपणा दाखवत नाही. ते विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतं, मग ते मीठ असो की चुना.

एक जागा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. लोणारच्या विवरातलं पाणी अल्कधर्मी आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. विवराच्या काठावर धार नावाचा गोड्या पाण्याचा झरा आहे, तिथे भाविक अंघोळ करतात. एकाच गावात दोन टोकांची दोन पाणी आहेत. साबण आणि काच बनवायचं सामान या भागात मिळतं, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ऐन-इ-अकबरीत आहे आणि सरोवरातला क्षार पुढेही बराच काळ काढला जात होता. मळ काढणारं अल्कधर्मी पाणी केस मात्र राठ करतं. केसाचा पृष्ठभाग किंचित आम्लाकडे झुकलेला असतो. अल्क लागलं की वरचे खवले उघडतात आणि केस गुंततात. म्हणून ‘घरगुती क्लॅरिफायिंग’ म्हणून खाण्याचा सोडा डोक्याला लावायचा जो सल्ला फिरतो, तो माझ्या मते सरळ टाकून द्यावा. फुकटात मिळाला तरी तो महागच पडतो.

किती दिवसांनी

केस धुऊन वाळल्यावरही मुळाशी चिकट लागतात, तेल लावलं तर जिरत नाही, कंगव्याच्या दातांत राखाडी मेणचट मळ साचतो, मेंदी किंवा रंग नीट चढत नाही: या खुणा दिसल्या की थर साचला असं समजावं. खुणा नसतील तर कॅलेंडर बघून शॅम्पू करायची गरज नाही.

तेलकट टाळू, नेहमीचं तेल आणि कंडिशनर असेल तर तीन-चार आठवड्यांनी एकदा. जेल, वॅक्स किंवा स्प्रे रोज लावणाऱ्या तरुणांना दोन आठवड्यांनी एकदा. कोरडे, कुरळे किंवा लांब केस असतील तर सहा ते आठ आठवड्यांनी, तेही फक्त मुळांशी. केसांना रंग असेल किंवा केराटिन, स्मूदनिंग केलेलं असेल तर शक्य तितकं टाळावं, कारण पैसे देऊन चढवलेलं या शॅम्पूने लवकर उतरतं. रंग लावायचाच असेल तर एक-दोन दिवस आधी हा शॅम्पू करावा, म्हणजे रंग सारखा बसतो. लहान मुलांना याची काहीच गरज नाही. बोअरच्या चुनखडी पाण्यावर बारा महिने काढणाऱ्या घरात कीलेटिंग शॅम्पू दोन ते चार आठवड्यांनी एकदा ठीक. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी वापरत असाल तर ते चार महिने त्यालाही सुट्टी द्यावी. पहिल्या सरी सोडून नंतरचं, पत्रा धुतल्यावरचं पाणी धरावं.

कोंड्याचं वेगळं आहे. खपल्या पडतात, खाज येते, म्हणून लोक क्लॅरिफायिंग शॅम्पू वरचेवर वापरतात आणि टाळू अधिकच कोरडी होते. कोंड्यासाठी केटोकोनॅझोलचा शॅम्पू लागतो. तो औषध आहे; किती दिवस आणि आठवड्यातून किती वेळा, ते डॉक्टरांना विचारावं. शंभर-दोनशे रुपयांच्या सल्ल्यात सुटणाऱ्या गोष्टीवर आठशेची बाटली घालण्यात अर्थ नाही.

तेलाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे क्लॅरिफायिंगची गरज बहुतेक वेळा तेलापासून सुरू होते. आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांचा अभ्यास २००३ मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये छापून आला. केस धुण्याआधी लावलेलं खोबरेल तेल केसात मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. खनिज तेल आणि सूर्यफुलाचं तेल ते काम करत नाही, असं त्यात दिसलं. हे संशोधन मॅरिको या खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीतलं आहे हे ध्यानात ठेवावं, पण निष्कर्ष आजही मानला जातो. ग्राहकाने यातून घ्यायचं ते असं: ‘हेअर ऑइल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी बाटल्यांत पहिला घटक लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, असतो. ते केसावर थर करून बसतं आणि मग तो थर काढायला दुसरी बाटली लागते. साधं खोबरेल तेल रात्री लावून सकाळी धुवा, क्लॅरिफायिंग शॅम्पूचं अंतर आपोआप वाढतं. धुऊन झाल्यावर वरून चोपडलेलं तेल मात्र कुठलंही असलं तरी धूळ धरतं. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन मळणीच्या दिवसांत तर फारच. शेतात जाताना केस बांधून त्यावर रुमाल घेतला तर शॅम्पूचा खर्च खरोखर कमी होतो.

हिशेब

क्लॅरिफायिंग किंवा कीलेटिंग शॅम्पूची दोन-अडीचशे मिलीची बाटली साधारण तीनशे ते सातशे रुपयांत येते. पार्लरसाठी म्हणून विकले जाणारे ब्रँड हजाराच्याही वर जातात. आकार वेगवेगळे असल्याने बाटलीच्या किमतीवरून काहीच कळत नाही. आता पाकिटावर एमआरपीजवळ प्रति मिली किंमतही छापलेली असते, ती बघावी. समजा ४०० रुपयांना २०० मिली, म्हणजे मिलीला २ रुपये. खांद्यापर्यंतच्या केसांना मुळाशी लावायला ८ मिली भरपूर होतो. एका धुण्याला १६ रुपये. महिन्यातून एकदा धरला तर वर्षाला ९६ मिली, १९२ रुपये. तोच आठवड्याला वापरला तर वर्षाला ४१६ मिली, म्हणजे ८३२ रुपये. केस कोरडे पडल्याने वाढलेला कंडिशनर वेगळाच. एका माणसामागे वर्षाला ६४० रुपयांचा हा फरक आहे, आणि जास्त पैसे देणाऱ्याचे केस जास्त खराब होतात.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. महिन्यातून एकदा वापरणाऱ्या एकट्या माणसाला २०० मिलीची बाटली दोन वर्षं पुरते. बाटलीवर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि आत १२ असा आकडा असेल, तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ती वापरून संपवायची असते. म्हणून मोठी ‘फॅमिली पॅक’ बाटली घेऊ नका. दोन बहिणींनी, सासू-सुनेने किंवा शेजारणींनी मिळून एक घेतली तर वर्षात संपते आणि प्रत्येकीला दोनशे रुपयांना पडते. शंभर मिलीची मिळाली तर फारच उत्तम.

आता गोड्या पाण्याचा खर्च. आरओच्या पाण्याचा वीस लिटरचा जार गावोगाव मिळतो. तो वीस रुपयांना पडतो असं धरलं तर शेवटच्या धुण्याचं तीन लिटर पाणी तीन रुपयांचं झालं. आठवड्यातून दोनदा म्हणजे सहा रुपये, वर्षाला सव्वातीनशेच्या आत. खारपाणपट्ट्यात मी शॅम्पूऐवजी आधी या तीन लिटरवर पैसे घालायला सांगेन. घाटावर तर तेवढेही लागत नाहीत. बोअरचं पाणी उकळा, रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. चुन्याचा बराचसा भाग तळाशी बसलेला दिसेल. खारट पाण्याला ही युक्ती लागू पडत नाही, मीठ उकळून खाली बसत नाही.

आणि लिंबू. एका लिटरच्या तांब्यात एक चमचा लिंबाचा रस, गाळलेला. शॅम्पू झाल्यावर हे पाणी केसांवरून सोडायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि गोड्या पाण्याने धुऊन टाकायचं. चुन्याचा ताजा थर यानेच निघतो. महिनोन्‌महिने साचलेला निघणार नाही, त्याला कीलेटिंग शॅम्पूच लागेल. रस थेट टाळूवर चोळू नये, टाळूला जखम असेल तर लावूच नये, आणि केस न धुता उन्हात जाऊ नये. लिंबाचा रस त्वचेवर राहून ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग पडतात.

शॅम्पू लावण्याची रीतही खर्चाशी जोडलेली आहे. कोरड्या किंवा अर्धवट ओल्या केसांवर शॅम्पू घेतला की दुप्पट लागतो. केस आधी पूर्ण भिजवा. शॅम्पू मगात थोड्या पाण्यात कालवा आणि बोटांच्या पेरांनी टाळूवर पसरवा. टोकांना वेगळा लावायची गरज नाही, खाली ओघळणारा फेस पुरतो. क्लॅरिफायिंग असेल तर एक-दोन मिनिटं, कीलेटिंग असेल तर तीन ते पाच मिनिटं ठेवा, कारण क्षार सुटायला वेळ लागतो. मग धुवा आणि त्या दिवशी कंडिशनर चुकवू नका. कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या केसांना लावायचा. शेवटचे दोन मग गोड्या पाण्याचे.

रिठा-शिकेकाईवाल्या घरांनी हे वाचून काही बदलायची गरज नाही. रिठ्यात सॅपोनिन हे नैसर्गिक फेसाळ द्रव्य असतं आणि शिकेकाई किंचित आंबट असते. सिलिकोनचा थरच चढत नसेल तर तो काढायचा प्रश्न येत नाही. डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि चोथा नीट गाळावा, एवढंच.

पार्लरमध्ये ‘डिटॉक्स वॉश’ किंवा हेअर स्पाच्या नावाखाली बरेचदा हाच शॅम्पू आणि वर एक क्रीम लावलेलं असतं. जिल्ह्यातल्या शहरांत त्याचे केसांच्या लांबीप्रमाणे पाचशे ते दीड हजार घेतले जातात. बसण्याआधी बाटली दाखवा म्हणावं आणि एकूण किती होतील ते विचारावं. तोच शॅम्पू घरी सोळा रुपयांत होतो. वरचे पैसे मालिशचे आणि हाताच्या कामाचे आहेत. ते हवे असतील तर जरूर द्यावेत. लग्नसराईत महिन्याला दोनदा स्पा करून केस ‘साफ’ करण्याला मात्र माझा विरोध आहे. आणि नळाला लावायचे छोटे ‘हार्ड वॉटर फिल्टर’ घेताना जपा. आत कार्बनची कांडी असेल तर क्लोरिन आणि वास कमी होईल, कॅल्शियम तसंच राहील. पाणी खरोखर मऊ करणारं यंत्र वेगळं असतं, त्यात ठरावीक दिवसांनी मीठ घालावं लागतं आणि खर्च हजारांत जातो. नुसत्या केसांसाठी तो करू नये.

केस गळत असतील तर

इथे हा लेख थांबवून डॉक्टरांकडे जायचं. या जिल्ह्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा या आणि आजूबाजूच्या गावांत माणसांचे केस अचानक हातात यायला लागले आणि काही दिवसांत टक्कल पडू लागलं. अडीचशेहून जास्त माणसांना हा त्रास झाला. सुरुवातीला संशय शॅम्पूवर गेला, पण शॅम्पू न वापरणाऱ्यांचेही केस जात असल्याचं गावकरी सांगत होते. मग संशय पाण्यावर गेला. पाण्याच्या नमुन्यांत नायट्रेट जास्त आढळलं. आयसीएमआरची पथकं येऊन रक्ताचे, केसांचे, पाण्याचे आणि धान्याचे नमुने घेऊन गेली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हात, तसंच रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियमचं प्रमाण फार जास्त असल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं. सेलेनियम शरीराला अगदी थोडं लागतं; जास्त झालं की केस आणि नखं गळतात. पुढे काही गावकऱ्यांची नखंही गेली.

त्या दिवसांत ‘केस गळती थांबवणारा’ शॅम्पू घेण्यात ज्यांचे पैसे गेले त्यांना दोष देता येत नाही, भीतीच तशी होती. पण शॅम्पू फक्त केसाच्या बाहेरच्या बाजूला काम करतो. केस मुळापासून येत असतील, पुंजक्याने येत असतील, टाळूवर गोल चट्टे पडत असतील किंवा घरात दोघा-तिघांना एकदम होत असेल तर बाटली बदलण्यात दिवस घालवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जड पाण्याने केस राठ होतात, मधेच तुटतात. तुटलेल्या केसाला मुळाशी पांढरा गड्डा नसतो. गड्डा दिसतो तो मुळापासून गळलेला केस. हातात आलेला केस उजेडात धरून एवढं बघता येतं, आणि पैसे कुठे घालायचे ते तिथेच ठरतं.

विकत घेताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून शॅम्पू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पूर्ण सवलत पोचली तर ४०० ची जुनी बाटली साधारण ३५६ ला पडायला हवी. दुकानात धूळ खात पडलेला जुना माल दिसला तर उत्पादनाची तारीख बघा आणि नवी किंमत विचारा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, वर काही देणं लागत नाही.

बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटकांची यादी असलीच पाहिजे. आठवडी बाजारात ताडपत्रीवर मोठ्या ब्रँडची बाटली निम्म्या किमतीत मिळत असेल तर आधी बॅच क्रमांक शोधा. पुसट असेल किंवा नसेलच तर सोडून द्या. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. फक्त एक टक्क्याहून कमी असलेले शेवटी कसेही येतात. म्हणून पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘अ‍ॅपल सायडर व्हिनेगर’ आणि यादीत ते सुगंधाच्याही खाली, असं दिसलं तर ते नावापुरतं आहे. नवीन केस उगवतील किंवा पिकलेले काळे होतील असा दावा तर औषधांनाही करता येत नाही. औषध नियमावली १९४५ च्या अनुसूची ‘जे’मध्ये तो मनाई असलेल्या दाव्यांत आहे. असा दावा छापणारी बाटली दुकानदाराला परत द्यावी.

शॅम्पू पहिल्यांदा वापरण्याआधी कानामागे थेंबभर लावून धुवा आणि दिवसभर थांबा. आग झाली, पुरळ आलं तर वापरू नका. बाटली आणि बिल दोन्ही ठेवा, फोटो काढा. एमआरपीपेक्षा जास्त घेतलं असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन निरीक्षकाकडे, माल बनावट वाटला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. दोन्हीसाठी सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून करता येते, तिथे मराठीत बोलता येतं. तिथेही सुटलं नाही तर बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरूनच भरता येतो. अर्जासोबत बिल, बाटलीचे चारही बाजूंचे फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडावी.